बारा सेकंदांची बारी आणि मेमरी कार्डाचा वेग

२०२४ च्या दसऱ्याला नवा कॅमेरा घेतला. त्याला साजेसं मेमरी कार्ड कुठलं हे ठरवणं, ते तपासणं, विकत घेणं आणि खात्रीने कामाला लावणं यात पुढचा फेब्रुवारी उजाडला. कॅमेरा निवडायलासुद्धा एवढा वेळ लागला नव्हता. या काळात जे शिकलो, जे पैसे गेले आणि जे हेलपाटे पडले ते सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. सीएफएक्सप्रेस, व्ही९०, यूएचएस-२, व्हीपीजी असली नावं वाचून डोकं गरगरणारे बरेच मित्र रोज फोन करतात. त्यांना आता हे पाठवता येईल.

आधी माझं काम काय ते सांगतो, कारण कार्डाचा सगळा हिशेब त्यावरच अवलंबून आहे. खेड, आंबेगाव, जुन्नर भागातल्या यात्रांमध्ये मी बैलगाडा शर्यतींचे फोटो काढतो. माझा मामेभाऊ व्हिडिओ करतो. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, पुढे १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदाही मान्य केला, आणि घाट पुन्हा भरायला लागले. गाडामालकांना आपल्या बैलांचा चांगला फोटो हवा असतो आणि त्यासाठी ते मनापासून पैसे मोजतात. ज्यांनी घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी: चढाचा रस्ता, चार बैल, पुढे घोडी, भिर्रर्र करणारा निवेदक आणि दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. एक बारी दहा-पंधरा सेकंदांत संपते. मालकाला हवा असलेला क्षण, म्हणजे चारही बैल झेपेत आणि घोडी निशाणाच्या तोंडाशी, तो बारीच्या अगदी शेवटी येतो. कॅमेऱ्याला दम लागतो तोही नेमका त्याच वेळी.

नवा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा मिररलेस, इलेक्ट्रॉनिक शटरवर सेकंदाला २० रॉ फोटो (सेन्सरने टिपलेली सगळी माहिती ठेवणाऱ्या मोठ्या फाइली) काढणारा. कार्डाचे स्लॉट दोन: एक सीएफएक्सप्रेस टाइप बी या जलद कार्डाचा, दुसरा नेहमीच्या एसडी कार्डाचा. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. हिशेबाची रीत कुठल्याही कॅमेऱ्याला तीच लागते आणि नाव दिलं की चर्चा कॅमेऱ्यावरच जाते. स्लॉट मात्र घेण्याआधी स्वतः उघडून बघा. कॅनन आर५, निकॉन झेड८ आणि झेड६ थ्री यांत एक सीएफएक्सप्रेस टाइप बी आणि एक एसडी असतं. कॅनन आर६ मार्क टूमध्ये दोन्ही एसडी. सोनी ए७ फोरच्या एका स्लॉटमध्ये एसडी किंवा सीएफएक्सप्रेस टाइप ए बसतं. टाइप ए आणि टाइप बी आकारानेच वेगळे असतात, एकाचं कार्ड दुसऱ्यात जात नाही. आमच्या ओळखीतल्या एकाला दुकानदाराने टाइप ए दिलं होतं आणि त्याचा कॅमेरा टाइप बीचा. सीलबंद होतं म्हणून बदलून तरी मिळालं.

दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे बैलांचा सराव चालू होता, तिथे जुन्या डीएसएलआरचं कार्ड घालून नवा कॅमेरा पहिल्यांदा चालवला. एसडी, १२८ जीबी, वर ठळक अक्षरांत १७० एमबी प्रति सेकंद. पहिले चार-पाच सेकंद सुरेख, मग वेग एकदम कोसळला आणि निशाणाजवळचे फोटो आलेच नाहीत. त्याच रात्री वही काढली.

हिशेब असा. माझी पूर्ण दर्जाची रॉ फाइल साधारण ३० एमबीची. सेकंदाला २० म्हणजे ६०० एमबी. बारा सेकंदांच्या बारीला २४० फोटो, म्हणजे ७२०० एमबी. कॅमेऱ्यात बफर नावाची तात्पुरती मेमरी असते, तो हौद समजा: सेन्सर त्यात ओततो आणि कार्ड त्यातून उपसतं. उपसा कमी पडला की हौद भरतो, आणि भरला की कॅमेऱ्याला थांबावंच लागतं. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की कार्ड सेकंदाला किती एमबी उपसतं, आणि ते किती वेळ टिकवतं.

हा आकडा कार्डावर सहसा ठळक छापलेला नसतोच. ठळक आकडा असतो वाचनाचा, म्हणजे कार्डातल्या फाइली कॉम्प्युटरवर ओढतानाचा. लिहिण्याचा वेग बारीक अक्षरांत मागे, आणि तोही बहुतेक वेळा ‘पर्यंत’ या शब्दासकट. माझ्या १७० वाल्या कार्डाचंच उदाहरण घ्या. ते यूएचएस-१ प्रकारचं होतं (यूएचएस म्हणजे एसडी कार्डाची डेटा देण्याघेण्याची पद्धत) आणि यूएचएस-१ ची कमाल मर्यादाच १०४ एमबी. १७० किंवा २०० चा आकडा कंपनीच्या खास पद्धतीतून येतो आणि त्याला साथ देणाऱ्या रीडरमध्येच (कार्ड कॉम्प्युटरला जोडायच्या उपकरणात) मिळतो, कॅमेऱ्यात मिळत नाही. काही कार्डांवर १६६७ गुणिले, २००० गुणिले असं लिहितात. तिथे एक पट म्हणजे १५० केबी, जुन्या सीडीचा वेग. २००० पट म्हणजे ३०० एमबी, पण तोही वाचनाचाच.

कामाची खूण वेगळी आहे. एसडी कार्डावर व्ही३०, व्ही६०, व्ही९० असं लिहिलेलं असतं. व्हीपुढचा आकडा म्हणजे सेकंदाला किमान इतके एमबी सलग लिहीन ही हमी. यू अक्षरात ३ असेल तर तीही ३० एमबीचीच हमी, आणि सी अक्षरातला १० म्हणजे फक्त १० एमबी. ए१, ए२ या खुणा मोबाइलमध्ये ॲप चालवण्यासाठी असतात, कॅमेऱ्यासाठी त्यांचे जास्त पैसे देऊ नका. रोमन एक की दोन हेही पाहायचं. दोन म्हणजे यूएचएस-२, मर्यादा ३१२ एमबी. कार्ड उलटं केलं की सोनेरी पट्ट्यांची एकच ओळ दिसते की खाली दुसरीही आहे, त्यावरून हे लगेच कळतं. कॅमेरा यूएचएस-१ चाच असेल तर ती दुसरी ओळ त्यात काही कामाची नाही.

सीएफएक्सप्रेस ही वेगळीच जात. आतून ती कॉम्प्युटरच्या एसएसडीची भावंडं. २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत टाइप एची मर्यादा १००० एमबी आणि टाइप बीची २००० एमबी. ऑगस्ट २०२३ मध्ये चौथी आवृत्ती जाहीर झाली आणि दोन्ही मर्यादा दुप्पट झाल्या. इथेही हमीची खूण असते: व्हीपीजी २०० किंवा व्हीपीजी ४००, सिनेमाच्या क्लॅपबोर्डसारख्या छोट्या चित्रात. ४०० म्हणजे सेकंदाला किमान ४०० एमबी सलग. ही खूण नसलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण मग त्याची परीक्षा स्वतः घ्यावी लागते.

व्हिडिओचा हिशेब मामेभावाबरोबर बसून केला. तिथे आकडे मेगाबिटमध्ये असतात आणि कार्डाचे मेगाबाइटमध्ये, म्हणून आठने भागायचं. आमच्या कॅमेऱ्याचा ४के, २५ फ्रेमचा एच.२६५ व्हिडिओ (खूप दाबून साठवलेला, नेहमीच्या वापरातला) २०० मेगाबिटच्या आत बसतो, म्हणजे २५ एमबी. त्याला व्ही३० पुरतं. लग्नाचं शूटिंग १०० मेगाबिटवर करणाऱ्याला तर १२.५ एमबी लागतात, आणि अशा माणसाला व्ही९० विकणारा दुकानदार त्याचं नुकसान करतो, हे मला ठामपणे वाटतं. पण मामेभावाला प्रोरेस ४२२ एचक्यू हवं होतं, म्हणजे कमी दाबलेला, मोठ्या फाइलींचा व्हिडिओ, रंग सुधारायला मोकळीक मिळते म्हणून. त्याचा ४के, २५ फ्रेमचा वेग ७३७ मेगाबिट. भागून बघा: ९२ एमबी. व्ही९० ची हमी ९० ची. दोन एमबीने हुकतं! “दादा, मग एसडीचा विषय संपला,” तो म्हणाला. तासाभराला ३३२ जीबी लागणार हे कळल्यावर मात्र दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

कागदावरचं कागदावर, पण तीस-चाळीस हजारांचं कार्ड न वापरता घ्यायची माझी तयारी नव्हती. पुण्यात कॅमेरे भाड्याने देणारी दुकानं कार्डंही देतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नोव्हेंबरअखेर एका दुकानात गेलो. आधारची झेरॉक्स, पत्त्यासाठी वीजबिल, एक फोटो आणि डिपॉझिट असं सगळं घेतलं. वीजबिल वडिलांच्या नावावर होतं, म्हणून नातं दाखवायला रेशनकार्ड आणायला परत पाठवलं. तुम्ही जाणार असाल तर हे आधीच बरोबर न्या. काउंटरवरचा मुलगा मात्र जाणकार होता. “सर, नेताना कार्ड माझ्यासमोर फॉरमॅट करून बघा आणि परत देतानाही इथेच फॉरमॅट करा. आत कोणाचे फोटो राहिले तर उगाच वाद होतात,” असं त्याने आपणहून सांगितलं. तीन कार्डं घेतली: एक व्ही९० एसडी, एक स्वस्तातलं १२८ जीबीचं सीएफएक्सप्रेस आणि एक ५१२ जीबीचं, व्हीपीजी ४०० ची खूण असलेलं. शनिवार-रविवारचं भाडं सगळं मिळून पंधराशेच्या आसपास.

परीक्षेची पद्धत लिहितो, कारण ती कोणालाही फुकटात करता येते. घरामागे बांधकामाची खडी पडली होती. कॅमेरा तिपाईवर, लेन्स खडीच्या ढिगावर रोखलेली, फोकस मॅन्युअल, शटर एक हजारांश, आयएसओ कायम एकच. खडीच का? रॉ फाइलही दाबून साठवली जाते. लेन्सला झाकण लावून काळे फोटो काढले तर फाइल लहान होते आणि कुठलंही कार्ड वेगवान वाटतं. बारीक तपशील भरपूर असला की फाइल खरी मोठी होते. आयएसओ वाढवला तर दाण्यांमुळे ती आणखी फुगते, म्हणून तो बदलायचा नाही. मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, बटण दाबून धरायचं आणि फोनवर स्टॉपवॉच. दोन गोष्टी टिपायच्या: कितव्या सेकंदाला वेग पडला, आणि बोट उचलल्यावर कार्डाचा दिवा विझायला किती वेळ लागला. बफरमधल्या फाइलींच्या एकूण एमबीला त्या सेकंदांनी भागलं की तुमच्या कॅमेऱ्यातला त्या कार्डाचा खरा लिहिण्याचा वेग हातात येतो. डब्यावर काय छापलंय याची मग गरज उरत नाही.

माझं जुनं १७० वालं कार्ड (ते व्ही३० होतं) पाचव्या सेकंदाच्या आत थकलं आणि दिवा विझायला अर्धं मिनिट लागलं. व्ही९० सहाव्या-सातव्या सेकंदापर्यंत पोचलं, पण बफर दहा-अकरा सेकंदांत रिकामं. स्वस्त सीएफएक्सप्रेसने मला चकवलं. पहिली बारा सेकंदं सहज काढली, दुसऱ्यांदाही काढली, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला मध्येच बसलं. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक कार्डं येणारा डेटा आधी एका जलद भागात भराभर घेतात आणि नंतर सावकाश मूळ जागी रचतात. तो जलद भाग भरला की खरा वेग उघडा पडतो. एकाच मालिकेतलं लहान कार्ड मोठ्यापेक्षा हळू लिहितं असंही पुष्कळदा दिसतं, म्हणून १२८ जीबीच्या कार्डाला ५१२ च्या कार्डाचा आकडा लावू नका. ५१२ चं व्हीपीजीवालं कार्ड शेवटपर्यंत एकसारखं चाललं. मी ते लागोपाठ चालवलं, हाताला गरम लागलं, पण वेग सुटला नाही.

आणि एक शोध असा लागला की ज्याला एक रुपया लागत नाही. कॅमेऱ्यात रॉ जास्त दाबून साठवायचा पर्याय आहे, त्यात फाइल ३० ऐवजी २० एमबीच्या आसपास येते. सेकंदाला ४०० एमबी. दोन्ही प्रकारचे फोटो मोठ्या पडद्यावर शेजारी लावून, सावल्या उजळून, बैलाच्या काळ्या कातडीवरची चमक वाढवून पाहिले. मला फरक दिसला नाही. या पर्यायावर भाड्याचं व्ही९० कार्डसुद्धा बारा सेकंद टिकलं! म्हणजे ज्यांच्या कॅमेऱ्याला फक्त एसडी चालतं त्यांनी नवं काही घेण्याआधी हा पर्याय चालवून बघावा. कदाचित खर्च टळेल.

मग तरीही सीएफएक्सप्रेस का घेतलं? एक तर प्रोरेसचे ते ९२ एमबी. दुसरं, भाव विचारल्यावर मी चक्रावलो: १२८ जीबीचं व्ही९० एसडी आणि तेवढंच सीएफएक्सप्रेस टाइप बी यांच्या किमतीत फारसं अंतर नव्हतं, आणि मोठ्या आकारात तर सीएफएक्सप्रेस प्रति जीबी स्वस्त पडत होतं. एसडीच्या लहानशा देहात इतका वेग बसवणं महाग जातं. ज्याच्याकडे टाइप बीचा स्लॉट आहे त्याने व्ही९० च्या मागे लागण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

जानेवारीत मुंबईला गेलो, फोर्टातल्या बोरा बाजारात. कॅमेऱ्याची दुकानं तिथे एकाला लागून एक आहेत, त्यामुळे तासाभरात भावाचा अंदाज येतो. माझं ठरलेलं ५१२ जीबीचं कार्ड कुठे साडेसदतीस हजार, कुठे एकोणचाळीस. एका ठिकाणी एकदम बत्तीस हजार सांगितले आणि लगेच पुढचं वाक्य आलं, “साहेब, बिल पाहिजे का?” मेमरी कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. बिल सोडलं की तेवढा भाव खाली येतो, पण त्याबरोबर वॉरंटीही जाते. आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा नंबर छापलेला असणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या बत्तीस हजारांच्या पाकिटावर यातलं काहीच नव्हतं. मी साडेसदतीस हजारांचं घेतलं आणि बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून मागितला. दुकानदाराने जरा कुरकुर केली, “कार्डाला कोण नंबर लिहितं?”, पण लिहून दिला. घरी आल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी करताना नेमका तोच नंबर आणि बिलाची प्रत मागितली. वॉरंटी कार्डाची असते, आतल्या फोटोंची नसते, हेही तिथल्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं. बिलाचा कागद काही महिन्यांत पुसट होतो, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा.

दोन दुकानांत चौथ्या आवृत्तीचं कार्ड घ्या असा आग्रह झाला. ते जुन्या कॅमेऱ्यात चालतं, पण कॅमेरा आपल्या जुन्याच वेगाने त्याच्याशी बोलतो. फायदा झाला तर चौथ्या आवृत्तीच्या रीडरमधून फाइली उतरवताना. माझ्या कामात आठ हजार रुपये जास्त देण्याइतका तो फायदा नव्हता. दररोज हजारो फाइली उतरवून लगेच पाठवाव्या लागणाऱ्या क्रीडा-छायाचित्रकाराचं उत्तर वेगळं येऊ शकेल.

दुसऱ्या स्लॉटसाठी १२८ जीबीचं व्ही६० एसडी ऑनलाइन मागवलं, साडेसहा हजारांचं. इथे खरा मनस्ताप झाला. पाकीट सीलबंद, छपाई नीटनेटकी, पण आयातदाराची चिठ्ठी नाही. कॉम्प्युटरला लावलं तर १२८ जीबी दाखवतं. नवं कार्ड मी कधीच तसंच वापरत नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो संपूर्ण कार्ड एक-एक जीबीच्या फाइलींनी भरतो आणि परत वाचून ताळा करतो. मॅक आणि लिनक्सवर एफ३ हेच काम करतो. भरणं रात्रभर चाललं, तिथेच पाल चुकचुकली, कारण व्ही६० ला इतका वेळ लागूच नये. सकाळी अहवाल लाल. खरी जागा ३२ जीबीच्या आत, त्यापुढचं सगळं हवेत. हे कार्ड यात्रेत वापरलं असतं तर पहिले फोटो नीट दिसले असते आणि पुढचे घरी येऊन उघडेपर्यंत काही कळलं नसतं.

परत करताना ॲपवर ‘बदलून मिळेल, पैसे मिळणार नाहीत’ एवढाच पर्याय होता. त्याच विक्रेत्याकडून पुन्हा तेच घेण्यात काय अर्थ? चॅटवर अहवालाचा स्क्रीनशॉट, पाकिटाच्या चारही बाजूंचे फोटो आणि पाकीट उघडतानाचा व्हिडिओ पाठवला. महागडी वस्तू उघडताना मी व्हिडिओ करतोच, त्याचा इथे उपयोग झाला. दर वेळी नवीन माणूस चॅटवर यायचा आणि पहिल्यापासून विचारायचा. आठवडाभराने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथे मराठीत बोलता आलं, तक्रार नोंदवून क्रमांक मिळाला. तो क्रमांक चॅटवर टाकल्यानंतर हालचाल झाली आणि पैसे खात्यात यायला आणखी दहा-बारा दिवस गेले. त्या काळात मी रोज मनातून धुमसत होतो, हे खरं आहे. साडेसहा हजारांपेक्षा कोणाच्या तरी लग्नाचे, बारशाचे फोटो अशा कार्डात जात असतील हा विचार जास्त छळत होता. नंतर तेच कार्ड पुण्यातून बिलासकट सात हजारांना घेतलं, पुन्हा तपासलं, तेव्हा अहवाल हिरवा आला.

फेब्रुवारीत रीडर. सीएफएक्सप्रेस टाइप बीचा, सेकंदाला १० गिगाबिटचा, साधारण सात हजार. पहिल्या दिवशी फाइली उतरायला लागल्या त्या जेमतेम ४० एमबीने. रीडर ठीक, कार्ड ठीक, लॅपटॉपचा पोर्ट ठीक. केबल फोनच्या चार्जरची होती! दिसायला दोन्ही यूएसबी-सी सारख्याच, पण चार्जिंगच्या बऱ्याच केबली डेटा यूएसबी २.० च्याच वेगाने नेतात. पूर्ण भरलेलं ५१२ जीबीचं कार्ड ४० एमबीने उतरवायचं तर साडेतीन तास. रीडरबरोबरची जाड, आखूड केबल लावली आणि वेग ८०० च्या आसपास गेला. अकरा मिनिटांत काम. ती केबल आता रीडरलाच रबराने बांधून ठेवतो. लॅपटॉपचा पोर्ट ५ गिगाबिटचा असेल तर साधारण त्याच्या निम्म्यावर समाधान मानावं लागेल, आणि फाइली जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर उतरवत असाल तर हा सगळा वेग तिथे येऊन अडतो.

चैत्रात यात्रा सुरू झाल्या आणि खरी परीक्षा झाली. आधी मी दोन्ही कार्डांवर रॉ ठेवायचा प्रयत्न केला, सुरक्षितता म्हणून. पण दोन्हीकडे एकच फाइल जाते तेव्हा हळू कार्ड जलद कार्डाला आपल्या वेगावर आणतं आणि सीएफएक्सप्रेसचा फायदा संपतो. शेवटी रॉ सीएफएक्सप्रेसवर आणि लहान आकाराचे बेसिक जेपेग (नेहमीचे, लगेच उघडणारे फोटो) एसडीवर अशी वाटणी केली. बफर आता बारीच्या शेवटपर्यंत पुरतं. जेपेगचा एक अनपेक्षित उपयोगही झाला: एसडी काढून फोनला लावलं की मालकाला तिथल्या तिथे चार फोटो पाठवता येतात. “अण्णा, घरी जाऊन मोठे देतो,” म्हटलं तरी त्यांना बारी संपल्या संपल्या बघायचंच असतं.

घाटातली धूळ हा वेगळा विषय. त्यात भंडारा उधळला की हवाच पिवळी होते. एकदा स्लॉटचं दार उघडलं तर दाराच्या कडेला, बिजागरीपाशी हळदीची बारीक रेघ बसलेली, आणि एक कण एसडीच्या सोनेरी पट्ट्यांच्या मधल्या खाचेत. दाबलेल्या हवेचा डबा तिथे मारू नका, कण आत जातो. कॅमेरा उलटा धरून रबरी ब्लोअर, आणि कार्डाला कोरडा मऊ ब्रश. आता कार्ड बदलायचं तर गाडीत बसून, काच वर करून. भरलेलं कार्ड डबीत तोंड खाली, रिकामं तोंड वर, म्हणजे घाईत घोळ होत नाही. एक-एक फोटो पुसत बसत नाही. घरी दोन ठिकाणी प्रत झाली की कॅमेऱ्यातच फॉरमॅट. आणि दिवा चालू असताना दार उघडायचं नाही, समोर कितीही गडबड असो.

मे महिन्यात एक अडचण राहिली. भर दुपारी मामेभाऊ सलग प्रोरेस करत होता, ऊन चाळीसच्या वर, आणि कॅमेऱ्याने तापल्याची खूण दाखवली. कार्ड काढलं तर बोटाला चटका बसेल इतकं गरम. फाइली शाबूत होत्या. तेव्हापासून बारी संपली की रेकॉर्डिंग लगेच बंद, कॅमेऱ्यावर ओला नव्हे तर कोरडा पांढरा पंचा, आणि दुपारी बारानंतर प्रोरेसऐवजी एच.२६५. कार्ड, एसडी, रीडर आणि भाडं धरून खर्च त्रेपन्न हजारांच्या घरात गेला. तसंच दुसरं सीएफएक्सप्रेस घ्यायचं आहे, म्हणजे गरम झालेलं कार्ड आळीपाळीने निवायला ठेवता येईल. या वेळी नव्याने शोधाशोध नाही: तेच मॉडेल, तोच आकार, बिलावर सिरियल नंबर, आणि यात्रेच्या आधी रात्रभर तपासणी.